वय, काळ आणि पिढी : नोंदवहीतील तीन रकाने
(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



मधुमेहाच्या तक्त्यावरून गेल्या बैठकीत असे मत मांडले गेले की, साठीपुढील रुग्ण सर्वाधिक आहेत, अर्थात हा वार्धक्याचा विकार. तेव्हा ज्येष्ठ वाढतील त्या प्रमाणात डायलिसिसची यंत्रे घ्यावीत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु हा प्रश्न हिशेबाचाही आहे.

आपल्या डेड स्टॉक रजिस्टरात प्रत्येक यंत्राचे खरेदीचे साल असते. यंत्र बंद पडले, तर ते जुने झाले म्हणून, यंदा विजेचा दाब कमी-जास्त झाला म्हणून, की त्या सालचा मालच हलका होता म्हणून? माणसाच्या बाबतीतही वय, काळ आणि जन्माची पिढी अशी तीन कारणे संभवतात. अडचण अशी की, चालू वर्षातून जन्मवर्ष वजा केले की वय येते. रकाने तीन, स्वतंत्र मात्र दोनच. त्यामुळे सरळ रेषेत होणारी वाढ कोणाच्या खाती टाकावी, हे केवळ आकडेमोडीने ठरत नाही. संगणक कितीही मोठा आणला तरी. रेषेला मध्येच बाक आला, तर तेवढा ओळखता येतो.

अमेरिकेतील वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट यांचा 1939 साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेला लेख येथे उद्बोधक आहे. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या 1930 च्या तक्त्यात क्षयाचे मृत्युप्रमाण उतारवयात अधिक दिसत होते. त्यांनी एकेका पिढीचा मागोवा घेतला, तेव्हा त्याच वृद्धांच्या पिढीत ते तरुणपणी अधिक होते, असे आढळले. तक्ता खोटा नव्हता. वाचन चुकीचे होते.

आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात जे आईच्या पोटात होते, ते आज पन्नाशी ओलांडून आपल्या दारी येतात. गर्भावस्थेतील पोषणाचा पुढील मधुमेहाशी असलेला संबंध पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकारी 1993 पासून जवळच्या सहा गावांत तपासत आले आहेत. दुसरीकडे, जागतिक आरोग्य संघटनेने 1999 साली उपाशीपोटीच्या साखरेची निदानमर्यादा 140 वरून 126 मिलिग्रॅमवर आणली. एका रात्रीत रुग्ण वाढले, शरीर कोणाचेच बदलले नव्हते! हा काळाचा परिणाम. यांतले किती कशाचे, हे एका वर्षाच्या तक्त्यावरून सांगणे मला धाडसाचे वाटते.

आणि दोष आमच्या कार्यालयाचाही आहे. केसपेपरवर आम्ही केवळ वय लिहीत आलो. तेही रुग्ण सांगेल ते, म्हणजे बहुधा पन्नास, पंचावन्न किंवा साठ. अशा गोल आकड्यांतून पिढी कशी शोधणार? धडगाव, अक्कलकुव्याकडून येणाऱ्या अनेक वृद्धांजवळ जन्माचा दाखला नसतो. परंतु "दुष्काळात तुम्ही केवढे होता? गुरे राखत होता का?" असे विचारले की साल बरेच जवळ येते.

म्हणून विनंती आहे की, यंत्रांचा ठराव वर्षभर पुढे ढकलावा. येत्या 1 एप्रिलपासून जन्मवर्षाचा रकाना सुरू करण्यास व जुन्या मधुमेही रुग्णांची त्याच क्रमांकाखाली दरवर्षी पुन्हा नोंद घेण्यास मंजुरी द्यावी. एका लेखनिकाचा खर्च वाढेल. तो अंदाजपत्रकात दाखविला आहे.