डोंगराचें गवत आणि दुष्काळांतील आग

(भांडुप येथें समितीच्या वर्गणीदारांच्या सभेंत केलेलें भाषण. समितीच्या इच्छेवरून येथें छापलें आहे.)



दुष्काळनिवारणाच्या सभेंत बोलावयास उभा राहणारा मनुष्य बहुधा पावसाविषयीं बोलतो. मला आज आगीविषयीं बोलावयाचें आहे. चिटणीसांनीं मला भाषणाचा विषय विचारला आणि मीं तो सांगितला, तेव्हां त्यांस थोडें नवल वाटलेलें दिसलें. परंतु ज्या आगीची हकीकत मी सांगणार आहें ती माझ्या जमिनींत, माझ्याच सांगण्यावरून लागली. आणि तिच्यांत जें जळालें तें दुष्काळांतील गुरांकरितां राखून ठेवलेलें गवत होतें. दोष दुसऱ्याच्या पदरांत घालणें हा आम्हां वकिलांचा रोजचा धंदा. आज तो येथें चालण्यासारखा नाहीं.

आपण भांडुपकर पावसाच्या बाबतींत श्रीमंत आहों. येथें वर्षाकाठीं सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. आपल्या पाठीमागच्या डोंगरांत विहार तलाव १८६० सालीं आणि तुळशी १८७९ सालीं पुरा झाला. शिवाय मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा फार मोठा भाग आपल्याच भांडुप संकुलांत शुद्ध होऊन शहरांत जातो. पण हें पाणी मूळचें आपलें नव्हे. तें तानसा, भातसा, वैतरणा यांकडून येतें. ज्या शहापूर तालुक्यांत तानसा आणि भातसा आहेत, त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर चैत्र-वैशाखांत बायका टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. आपण नळ सोडतों तेव्हां ही गोष्ट आपल्या मनांत येत नाहीं. माझ्याहि येत नसे.

माझी वडिलोपार्जित जमीन त्याच तालुक्यांत, आसनगांव स्टेशनाच्या पलीकडे आहे. थोडें भात, आणि वीस एकर वरकस. म्हणजे डोंगरउताराची गवताची जमीन. अशा जमिनीला आपल्यांपैकीं पुष्कळ जण निरुपयोगी समजतात. वस्तुतः पाऊस बरा झाला तर एकरामागें टनभर वाळलें गवत तेथें सहज निघतें. वडिलांच्या वेळीं हें गवत गांठी बांधून मुंबईच्या तबेल्यांत जात असे. तबेले कमी झाले, भाव पडला, आणि तें उभेंच वाळूं लागलें.

आतां घाटावरची गोष्ट सांगतों. सातारा जिल्ह्यांतील माण तालुका हा पर्जन्यछायेंतील मुलूख. तेथें चांगल्या वर्षींहि पांचशें मिलिमीटरांच्या आसपासच पाऊस. १८७६-७७ च्या दुष्काळांत दुष्काळी काम म्हणून हातीं घेतलेला राजेवाडीचा तलाव म्हसवडजवळ अजून उभा आहे. पण पाऊसच नसला तर तलाव तरी काय भरणार? २०१२ सालीं तेथें पाऊस चुकला. आधींचें वर्षहि धड गेलें नव्हतें. म्हसवडला माणदेशी फाउंडेशननें गुरांची छावणी उघडली. सरकारच्या मदतीनें आणखीहि छावण्या निघाल्या, आणि गुरांबरोबर माणसेंहि महिनेच्या महिने उघड्यावर राहूं लागलीं. माझ्या एका अशिलाचें गांव त्या बाजूस. त्यांच्याबरोबर मी डिसेंबरांत तिकडे गेलों, आणि परत येतांना गाडींत हिशेब मांडला. मोठ्या जनावरास दिवसाला सहा-सात किलो सुका चारा धरला, तर माझ्या वीस एकरांतील वीस टन गवत म्हणजे शंभर जनावरांचा एक महिना. घाटावरचा शेतकरी कोंकणच्या गवताला नांवें ठेवतो, आणि त्याला ज्वारीच्या कडब्याची सर नाहीं हें खरेंच. पण ज्याच्या दावणींत कांहींच नाहीं त्याला हा भेद परवडत नाहीं.

ही कल्पना माझी नव्हे, आणि नवीहि नव्हे. १८९९-१९०० च्या दुष्काळांत मुंबई सरकारच्या जंगलखात्यानें जंगलांतील गवत कापवून दुष्काळी जिल्ह्यांकडे पाठविण्याचा उद्योग केला होता. ओल्या मुलखाचें गवत कोरड्या मुलखास, इतकाच त्यांतील अर्थ. मीं तिकडच्या मंडळींस शब्द दिला. गवत कापून झालेलें होतेंच. तें वाहून एके ठिकाणीं रचलें. एकच मोठी गंजी केली, कारण लहान लहान गंज्या रचावयास मजुरी अधिक पडते. जागा भाताच्या खाचरांच्या शेजारीं निवडली, कारण तेथपर्यंत ट्रक येतो. ट्रकचें भाडें उतरेल म्हणून जानेवारी आणि फेब्रुवारी हे दोन महिने थांबलों. हीं तिन्ही कारणें काटकसरीचीं आहेत, आणि व्यापारी मंडळींस तीं पटतीलहि.

होळीपूर्वींचा आठवडा, मार्च २०१३. ट्रक दुसऱ्या दिवशीं येणार होता आणि गवत भरावयास मजूर आदल्या दिवशींच आले होते. आमची जमीन कसणारे गृहस्थ आमच्या घरांतलेच समजले जातात. आम्ही त्यांस काका म्हणतों. त्यांचा दुपारीं फोन आला. राब भाजावयाचा राहिला होता. ज्यांचा शेतीशीं संबंध नाहीं त्यांच्याकरितां सांगतों: भाताचीं रोपें जेथें करावयाचीं त्या जागेवर पालापाचोळा, डहाळ्या, शेण पसरून पावसापूर्वीं ती जागा भाजतात, त्यास राब म्हणतात. काका म्हणाले, "भाऊ, वारा सुटलाय. उद्यां पहांटे भाजूं." मी कोर्टाच्या व्हरांड्यांत उभा होतों. मीं म्हटलें, "काका, मजूर आज रिकामे आहेत, आजच उरकून घ्या."

ठिणगी बांध ओलांडून कशी गेली हें कोणीं पाहिलें नाहीं. काकांनीं कड ओली केली होती, पण विहिरींत घागर बुडेल इतकें पाणी नव्हतें. वाऱ्याबरोबर आग गंजीला लागली, आणि गंजीवरून डोंगराला. पाड्यावरच्या बायकांनीं हिरव्या डहाळ्यांनीं झोडपून ती घरांपासून चार कासऱ्यांवर थोपविली. एकीचा हात कोपरापर्यंत भाजला. दोन तासांत शंभर जनावरांचा महिना संपला. अग्निशामक दलाची गाडी येण्यासारखा तेथें रस्ताच नाहीं.

माणला तोंड दाखवावयास मी आठवड्यानें गेलों. छावणींत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें माझ्या शब्दावर बैलजोडी ठेवली होती. म्हसवडच्या बाजारांत गिऱ्हाईक आलें असतां "कोंकणांतून चारा येतोय" म्हणून त्यानें तें परत लाविलें होतें. पुढच्या बाजारीं ती जोडी जवळजवळ निम्म्या किंमतीस गेली. मीं फरकाची रक्कम दिली आणि त्यानें ती घेतली. न घेण्याइतकी ऐपत त्याची नव्हती. "वकीलसाहेब, पैसा आला," तो म्हणाला, "पर मिरगाला औत कशानं धरू?" या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. चांगला बैल एका मोसमांत तयार होत नाहीं, हें त्याला आणि मला दोघांसहि ठाऊक होतें.

तेव्हांपासून मीं या विषयांत थोडें लक्ष घातलें. एक गोष्ट अशी दिसली कीं, दुष्काळ आणि वणवा हे दोन निराळे शत्रु नाहींत. आपल्याकडे अशी समजूत आहे कीं डोंगर जाळला म्हणजे पुढल्या वर्षीं गवत जोमानें येतें. पहिल्या पावसानंतर कोंवळे हिरवे कोंभ दिसतात खरे, आणि त्यावरूनच ही समजूत टिकून आहे. परंतु वणव्यांत पडलेलें बीं जळतें, लहान रोपें जळतात, आणि जमिनीवरचें पालापाचोळ्याचें पांघरूण जातें. मग मृगाची पहिली सर उघड्या उतारावर आदळते. राख व माती घेऊन पाणी ओढ्यांत पळतें, मुरत नाहीं. झरे लवकर आटतात, खालच्या विहिरी फाल्गुनांतच तळ दाखवितात. दोन हजार मिलिमीटर पावसाच्या तालुक्यांत टँकर कां लागतो, याचीं कारणें अनेक आहेत. वणवा त्यांपैकीं एक, आणि तें आपल्या हातांतलें आहे. याच्या उलट नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरमधील, हिवरे बाजार पाहा. तेथें पाऊस थोडा. पण गांवकऱ्यांनीं कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली, गवत गुरांकडून तुडवून न घेतां विळ्यानें कापून नेण्याची शिस्त लाविली, आणि तें गांव चाऱ्याच्या बाबतींत आपल्या पायांवर उभें राहिलें.

आपणांपैकीं कोणास वाटेल कीं हें सर्व खेड्यांतलें झालें. ३ डिसेंबर २०१८ च्या संध्याकाळीं गोरेगांवच्या बाजूस आरे-दिंडोशीच्या डोंगरावर वाळल्या गवतास आग लागली, तेव्हां ती विझवावयास मुंबईच्या अग्निशामक दलासहि रात्र घालवावी लागली. उतारावर गाड्या चढेनात. तो डोंगर आणि आपल्या खिंडीपाड्याकडचा डोंगर एकाच रानाच्या दोन बाजू आहेत.

आतां उपायांकडे वळतों. त्यांत विद्वत्तेचें कांहीं नाहीं. पहिला, जाळरेषा. गवताच्या क्षेत्राभोंवतीं वीसेक फूट रुंदीची पट्टी गवत काढून मोकळी करावयाची; जाळावयाची असल्यास मार्गशीर्ष-पौषांत, दंव असतांना सकाळीं, पुरेशीं माणसें हातांत डहाळ्या घेऊन उभीं असतां. जंगलखातें हें शेंकडों वर्षांचें नसलें तरी पुष्कळ जुनें काम नेमानें करतें. खासगी जमीनदार करीत नाहीं. दुसरा, गंज्या. एक मोठी करण्यापेक्षां चार लहान कराव्या, एकमेकींपासून व घरांपासून दूर, विजेच्या तारांखालीं कधींहि नाहीं. पाणी नसेल तेथें माती व वाळूचा ढीग गंजीजवळ असावा. दुष्काळांत आगीवर ओतावयास पाणी मिळेल अशा भरंवशावर राहूं नये. तिसरा, राब. तो भाजावयाचाच असेल तर वारा उठण्यापूर्वीं पहांटे भाजावा; आणि शेणखत घालून केलेल्या गादीवाफ्यांवर रोपें चांगलीं येतात हें ज्यांनीं करून पाहिलें आहे त्यांनीं राब सोडूनहि दिला आहे. गेलीं काहीं वर्षें काकांनीं राब भाजलेला नाहीं. चौथा आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचा उपाय, राखणदार. माघापासून वैशाखापर्यंत शंभर दिवस एक मनुष्य डोंगरावर फिरता असला, तर वणवा वितभर असतांनाच विझतो.

कायद्याविषयीं दोन शब्द, कारण त्याकरितांच मला बोलाविलें असावें. राखीव जंगलांत आग लावणें १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ खालीं गुन्हा आहे. आणि ज्यांस जंगलांत कांहीं हक्क आहेत त्यांनीं आगीची खबर देणें व ती विझविण्यास मदत करणें हें कलम ७९ नें बंधनकारक केलें आहे. आगीच्या बाबतींत निष्काळजीपणा करून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणें हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ प्रमाणें अपराध होतो. त्या दिवशीं कोणीं फिर्याद केली असती तर आरोपीच्या पिंजऱ्यांत राब पेटविणारे काका उभे राहिले असते, आणि फोनवरून हुकूम सोडणारा मी त्यांचा वकील म्हणून उभा राहिलों असतों. राहिला विमा. पीकविमा मुख्यतः उभ्या पिकाचा असतो. रचून ठेवलेल्या गंजीची भरपाई त्यांतून मागावयास गेल्यास हात हलवीत परत यावें लागतें.

समितीनें आजवर चाऱ्याकरितां वर्गणी मागितली आणि आपण ती उदारपणें दिली. चाऱ्याचा ट्रक रवाना होतो तेव्हां नारळ फुटतो, फोटो निघतो. त्यांत गैर कांहीं नाहीं. जाळरेषेवर मात्र नांवाची पाटी लागत नाहीं. पुढल्या श्रावणांत तीवर गवत उगवतें आणि ती होती कीं नव्हती हेंहि कळत नाहीं. राखणदारानें काम चोख केलें तर सांगण्यासारखें कांहींच घडत नाहीं. अशा कामास देणगी मागणें कठीण आहे, हें मी जाणतों. तरीहि माझी विनंति अशी कीं, चाऱ्याकरितां आलेल्या रकमेचा एक भाग समितीनें यंदापासून याच कामाकडे लावावा, आणि त्याचा हिशेब अहवालांत निराळा छापावा.

जमीनदार बंधूंस आणखी एक मागणें आहे. ठाणें जिल्ह्यांत ज्यांची वरकस जमीन पडून आहे त्यांनीं यंदाचें गवत उभें वाळूं देऊं नये व जाळूंहि नये. आपलें क्षेत्र, गांव, आणि ट्रक कोठवर येतो इतकें कळवावें; कापणी, गांठी व वाहतूक समिती पाहील. व्यापारी मंडळींपैकीं ज्यांचे ट्रक घाटावरून माल घेऊन येतात आणि परत रिकामे जातात, त्यांनीं परतीच्या खेपेचें भाडें समितीस माफ करावें. माझ्या जमिनीवर जाळरेषेचें काम येत्या रविवारीं सकाळीं सहा वाजतां सुरू होईल; ज्यांस तें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं पहिल्या लोकलनें आसनगांवास उतरावें, काका स्टेशनावर असतील. नोंदवही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या पानावर वीस एकर माझे लिहिलेले आहेत.