अंकुशी रुपयाला नावं ठेवू नका



  नाणेसंग्राहकांच्या या मेळाव्याचा अध्यक्ष म्हणून प्रथेप्रमाणे मी वर्षभरातल्या संशोधनाचा आणि लिलावांचा आढावा घ्यायचा. टिपण तयार आहे, ते स्मरणिकेत छापा. मला कित्येक वर्षं एकच गोष्ट बोलायची होती आणि माईक आज हातात आला आहे.

काल बाहेरच्या दालनात एका टेबलावर अंकुशी रुपया दिसला. पेशवाईतला, पुण्याकडचा. अंकुश अर्धाच उमटलेला, बादशहाचं नाव कडेबाहेर गेलेलं. पाकिटावर चिठ्ठी: 'ऑफ सेंटर एरर'. किंमत अर्थातच वाढीव. विक्रेत्याला म्हटलं, "अहो, यात चूक कसली?" तो म्हणाला, "सर, आजकाल असंच मागतात."

मागतात म्हणून आपण इतिहास बदलायचा का? त्या काळच्या टांकसाळीत ठसा मोठा आणि चांदीची चकती लहान असायची. कारागीर चकती ठशावर ठेवून घणाचा घाव घाली. मजकुराचा जेवढा भाग चकतीवर येईल तेवढा येई. घेणाराही अक्षरं मोजत नसे. सराफ वजन करी, टोचा मारून चांदी पारखी आणि रुपया चाले. अख्खा ठसा उमटलेला मराठा रुपयाच विरळा. जी सर्रास रीत होती तिला चूक म्हणायचं, तर पेशव्यांची झाडून सगळी नाणी चुकीची ठरतील. सराफांच्या टोच्यांनाही आता 'डाय डॅमेज' म्हणू लागले आहेत! तो टोचा टांकसाळीबाहेरचा हो, बाजारातला.

जोगळटेंभीचंच घ्या. 1906 साली नाशिकजवळच्या त्या गावी चांदीच्या नाण्यांचा 13 हजारांहून मोठा साठा सापडला. नहपानाची नाणी, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. नव्या चिन्हांखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. असं एक नाणं मी 'डबल स्ट्राइक' म्हणून विकायला ठेवलेलं पाहिलं आहे. नहपानाच्या क्षहरात घराण्याचा पाडाव केलेल्या राजानं मुद्दाम केलेलं काम, आणि आपण ते हातोडा घसरला म्हणून खपवतो.

मग खरी चूक कुठली? तर लाखी. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं, कुणाच्या लक्षात येत नाही, पुढची कोरी चकती त्याच्यावर दाबली जाते. एका बाजूला नेहमीची छाप, दुसऱ्या बाजूला तीच छाप उलटी आणि खोल. हातानं पाडलेल्या नाण्यांत ती होते, यंत्रानं पाडलेल्यांतही होते.

काल दुपारच्या परिसंवादात अस्सल लाखी ओळखायला प्रयोगशाळा हवी की नको, यावर दीड तास गेला. मी सांगतो. एक तरुण माझ्याकडे 1862 चा व्हिक्टोरिया रुपया घेऊन आला होता. वजन बरोबर, 11.66 ग्रॅमला टेकलेलं. मागच्या बाजूला राणीचा मुखडा उलटा, खोल. पोरगा हरखलेला. मी भिंग लावलं. राणीच्या गालाच्या खळग्यात 'वन रुपी'ची चेपलेली अक्षरं आणि वेलबुट्टीची पानं दिसत होती. म्हणजे चकती कोरी नव्हतीच. तयार रुपयावर दुसरा रुपया ठेवून कुणीतरी शेगड्यात आवळला होता. पुढच्या बाजूचे राणीचे केसही चपटे झालेले. दहापट भिंग पुरलं, प्रयोगशाळा लागली नाही. कडेचा घास गेलेल्या रुपयाचंही तसंच. चकती कापतानाच तुकडा गेला असेल, तर बरोबर समोरची कड सहसा अशक्त उमटते. ती ठसठशीत असेल तर आधी कानस आठवा.

1911 च्या 'डुक्कर रुपया'चा वाद मी इथंच मिटवतो. पंचम जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, सरकारनं बहुतेक रुपये आटवले, 1912 पासून हत्ती सुधारला. टांकसाळीनं जो ठसा मिळाला तो इमानानं उमटवला. दोष नक्षीकाराचा. दुर्मीळ म्हणून जरूर घ्या, चुकीचं नाणं म्हणून नको.

अस्सल चुकांची एक मराठी सूची व्हायला हवी: दोन्ही बाजूंचे फोटो, वजन, कुठं मिळालं त्याची नोंद. समिती नेमू, कुणाला घ्यायचं ते संध्याकाळच्या बैठकीत बघू. खर्चाचंही तेव्हाच.

तोवर विक्रेत्या मित्रांना एवढीच विनंती: जेवणाच्या सुट्टीत आपापली पाकिटं उघडा आणि अंकुशी रुपयांवरच्या 'एरर'च्या चिठ्ठ्या काढून टाका. मी दुपारी पुन्हा फेरी मारणार आहे.