ताम्रद्रावणाची साक्ष : आल्डिहाइड व कीटोन

मधुमेही माणसाच्या लघवींत दोन पदार्थ सांपडूं शकतात. द्राक्षशर्करा ही आल्डिहाइडांच्या कुळांतली. ॲसिटोन हें कीटोनांच्या. साखर दिसली कीं मधुमेहाचा संशय येतो. साखरेसह ॲसिटोनहि भरपूर दिसलें, तर शरीर साखर सोडून चरबी जाळूं लागलें आहे आणि रोगी बेशुद्धीच्या वाटेवर असूं शकतो, असें वैद्य समजतात. हीं दोन कुळें वेगळीं ओळखणें ही केवळ प्रयोगशाळेंतील करमणूक नव्हे.

दोहोंचें मर्मस्थान एकच : कर्बाचा अणु व त्याला दुहेरी बंधानें जखडलेला प्राणवायूचा अणु. कर्बाला हात चार. त्यांतले दोन येथें गुंतले. उरलेल्या दोहोंपैकीं एकानें तरी हायड्रोजन धरला तर तें आल्डिहाइड. दोन्ही हातीं कर्बच आला तर कीटोन. 'हायड्रोजन काढून घेतलेलें अल्कोहोल' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून लीबिगनें १८३५ सालीं 'आल्डिहाइड' हें नांव घडविलें. जिनेव्हा येथें १८९२ सालीं ठरलेल्या पद्धतीनें पहिल्या कुळाच्या नांवाअखेर 'आल' व दुसऱ्याच्या 'ओन' येतो. त्या हिशेबानें ॲसिटोन हें 'प्रोपनोन' होय. पण रुग्णालयांत तें नांव कोणी घेत नाहीं!

फेलिंगनें १८४९ सालीं प्रसिद्ध केलेलें द्रावण मोरचूद, टार्टारिक आम्लाचा क्षार व दाहक अल्कली यांचें असून रंगानें गर्द निळें असतें. त्यांत द्राक्षशर्करा घालून तापविलें कीं निळाई जाते व तळाशीं विटकरी सांका बसतो. हायड्रोजन धरलेल्या त्या टोंकाला प्राणवायूची हांव असते. ताम्राचें क्षपण करून तें स्वतः आम्ल बनतें. ॲसिटोनच्या अंगीं तें टोंकच नाहीं, म्हणून द्रावण निळेंच राहतें. मधांतील फलशर्करा मात्र फसवी. ती जातीनें कीटोन, तरीहि सांका पाडते. कारण शेजारच्या हायड्रॉक्सिल गटामुळें अल्कलींत तिचें रूप पालटून आल्डिहाइड शर्करा तयार होते.

पेटर्सला प्राग येथें १८५७ सालीं मधुमेह्याच्या लघवींत ॲसिटोन आढळलें. त्याच्यासाठीं सोडियम नायट्रोप्रुसाइड व अमोनिया वापरतात; ॲसिटोन किंवा त्याचें जनक ॲसिटोॲसेटिक आम्ल असल्यास जांभळा रंग उमटतो. तेवढ्यावरून मधुमेहाचा निवाडा मात्र करूं नये, कारण चार दिवसांच्या उपाशी माणसाच्या लघवींतहि तो रंग दिसतो. आजच्या कागदी पट्टीवर साखरेची परीक्षा ताम्राकडून एका किण्वाकडे गेली आहे. कीटोनांची अजून नायट्रोप्रुसाइडच्या त्याच जांभळ्या रंगानें होते.