संगणकास दुसरा पडदा



अमरावती जिल्ह्यांतील मोर्शी तालुक्यांत रिद्धपूर नांवाचें गांव आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्यानें हें स्थान महानुभाव पंथाला पूज्य झालें. श्रीचक्रधरांच्या पश्चात् तेराव्या शतकांत म्हाइंभटानें त्यांच्या लीळा जमविल्या. ज्यांनीं त्या डोळ्यांनीं पाहिल्या होत्या त्यांना गांठून, विचारून व पडताळून त्यानें 'लीळाचरित्र' सिद्ध केलें. पुढें धामधुमीच्या काळांत मूळ प्रत हरपली आणि शिष्यांनीं स्मरणावरून ती पुन्हां जुळविली, असें परंपरा सांगते. या ग्रंथाच्या पोथ्यांत पाठभेद पुष्कळ आहेत. त्यामुळें एक पोथी दुसरीशीं अक्षरशः ताडून पाहणें, हें अभ्यासकाचें पहिलें कर्तव्य ठरतें.

आतां अमरावतीच्या अंबापेठेंतील एका घराची कल्पना करावी. नात मराठी विषय घेऊन एम. ए. करीत आहे. एका जुन्या पोथीच्या पानांचीं छायाचित्रें तिच्या संगणकांत आहेत व त्यांवरून ती नवी प्रत उतरवीत आहे. आजोबांचा जन्म छापखान्यांत मुद्रितें तपासण्यांत गेला. एके दिवशीं आजोबांनीं तिचें लेखन मूळ छायाचित्राशीं ताडलें, तों एका पानावर दोन ओळी मुळींच नाहींत!

"आजोबा, मीं तर एकहि ओळ सोडली नव्हती," नात म्हणाली.

"तूं सोडली नाहींस बाई, तुझ्या नजरेनें सोडली," आजोबा म्हणाले.

त्यांचें म्हणणें खरें होतें. दोन ओळींच्या शेवटीं एकच शब्द आला होता. नात छायाचित्र उघडी, चार शब्द मनांत धरी, मग तें झांकून लेखनाची चौकट पुढें आणी व ते शब्द उतरवी. परत छायाचित्राकडे जातांना तिची नजर पहिल्या शब्दाऐवजीं खालच्या तशाच शब्दावर स्थिरावली, आणि मधला मजकूर गळाला. हस्तलिखितांच्या युगांतील लेखनिकांच्याहि हातून असेच प्रमाद घडत. मात्र त्यांच्यापुढें पोथी एका बाजूस उघडी असे व कोरा कागद दुसऱ्या बाजूस. संगणकाच्या एका पडद्यानें ही जुनी सोय हिरावून घेतली. दुसरा पडदा ती परत देतो.

ही युक्ति नवी नाहीं. मॅकिंटॉश टू या यंत्रास १९८७ सालींच एकाहून अधिक पडदे जोडतां येत. विंडोजमध्यें ही सोय १९९८ च्या आवृत्तीपासून आली. तरीहि अनेक घरांत ती ठाऊक असून वापरली जात नाहीं, कारण जोडणीचें भय वाटतें.

अकोल्याच्या मामांकडे एक जुना पडदा पडून होता. तो त्यांनीं बसनें पाठविला. येथेंच पहिली अडचण उभी राहिली. जुन्या पडद्यास व्हीजीए नांवाची, पंधरा टांचण्यांची निळी जोडणी होती. संगणकाच्या पाठीशीं मात्र एचडीएमआय व डिस्प्लेपोर्ट या दोनच खांचा होत्या. म्हणून पडदा विकत घेण्यापूर्वीं किंवा कोणाकडून आणण्यापूर्वीं संगणकाची पाठ पाहावी, हा पहिला नियम. एचडीएमआयमधून येणारा संदेश अंकरूप असतो आणि व्हीजीएला लहरीरूप संदेश लागतो. केवळ दोन टोंकें जुळविणारी साधी तार येथें निरुपयोगी. आंत परिवर्तक असलेलेंच साधन घ्यावें लागतें.

दुसरा नियम असा. संगणकांत चित्रांसाठीं वेगळें ग्राफिक्स कार्ड बसविलेलें असेल, तर दोन्ही पडदे त्या कार्डालाच जोडावे. मुख्य पटाच्या खांचा अशा वेळीं बहुधा निद्रिस्त असतात. त्यांत तार घालून पडदा काळाच राहिला, तर पडद्यास दोष देऊं नये.

तार जोडून पडदा चालू केल्यावर कळफलकावरील विंडोज-कळ दाबून पी हें अक्षर दाबावें. चार पर्याय दिसतात. 'डुप्लिकेट' निवडल्यास दोन्हीकडे एकच चित्र उमटतें. आपल्या कामास 'एक्स्टेंड' हवें. त्यानंतर मोकळ्या पडद्यावर माऊसची उजवी कळ दाबून 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडावें. तेथें १ आणि २ अशा दोन चौकटी दिसतात. मेजावर दुसरा पडदा डावीकडे असेल, तर चौकटहि डावीकडे ओढून ठेवावी. नातीनें हें केलें नव्हतें. त्यामुळें तिचा बाण उजव्या कडेस गेल्यावर डाव्या पडद्यावर उगवे, आणि आजोबांना हंसूं आवरेना. ज्यावर लिहावयाचें तो पडदा समोर ठेवून 'मेन डिस्प्ले' करावा. पोथीचा पडदा बाजूस, किंचित् आंत वळवून ठेवावा. विंडोज, शिफ्ट व बाणाची कळ एकत्र दाबली, कीं उघडी चौकट एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाते.

डोळ्यांचीहि काळजी घ्यावी. दोन्ही पडद्यांची वरची कड डोळ्यांच्या पातळीस किंवा किंचित् खालीं असावी, आणि अंतर हातभर असावें. अक्षरांचा आकार दोन्हीकडे सारखा दिसेल असा 'स्केल' लावावा. एकीकडे बारीक व दुसरीकडे मोठें अक्षर असल्यास नजर लवकर शिणते.

वऱ्हाडांत आणखी एक विचार आवश्यक आहे. उन्हाळ्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जाणें नवें नाहीं, आणि अशा दिवसांत वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. यूपीएसवर दोन्ही पडदे चढविल्यास त्याची घटिका लवकर भरते. म्हणून संगणक व मुख्य पडदा तेवढे बॅटरीच्या खांचेंत जोडावे. पोथीचा पडदा विझला तरी चालेल, लिहिलेलें जतन करण्यास वेळ मिळाला पाहिजे.

एवढा खटाटोप प्रत्येकानें करावा असें नाहीं. ज्याला केवळ पत्रें लिहावयाचीं आहेत, त्याला एक पडदा पुरे. शिवाय मोकळा पडदा रिकामा राहत नाहीं. त्यावर क्रिकेटचा सामना येऊन बसला, तर एक ओळ काय, अख्खें पानहि गळेल. दुसरा पडदा ज्या कामासाठीं आणला, त्याच कामाला तो राखावा.

नातीचें काम आतां जलद चालतें. तरी पान पुरें झाल्यावर आजोबा खुर्ची ओढून बसतात, पोथीच्या पडद्यावरून मोठ्यानें वाचतात, आणि नात आपल्या पडद्यावर अक्षरामागून अक्षर बोट फिरवीत जाते. एके सायंकाळीं तिनें विचारलें, "आजोबा, आतां तर दोन्ही पानें समोर आहेत, मग हें कशाला?"

"म्हाइंभटानें ऐकून लिहिलें होतें," आजोबा म्हणाले, "आपण लिहिलेलें एकदां ऐकूं या." आणि त्यांनीं पुढची ओळ वाचण्यास आरंभ केला.