उत्तर यंत्राचे, पडताळणी कोणाची?

सीमेला सीमा भिडलेल्या दोन प्रदेशांना एकच रंग येऊ न देता कोणताही नकाशा चार रंगांत रंगवता येतो का, हा प्रश्न १८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री या तरुणाला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना पडला. शाळकरी मुलालाही कळणारा हा प्रश्न गणितज्ञांना सव्वाशे वर्षे पुरला. १८७९ मध्ये आल्फ्रेड केम्प यांनी सिद्धता मांडली, ती मान्यही झाली; आणि अकरा वर्षांनी पर्सी हीवुड यांनी तिच्यातली चूक दाखवली.

१९७६ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात केनेथ अ‍ॅपल आणि वोल्फगांग हाकेन यांनी प्रश्न सोडवला. साऱ्या शक्यता त्यांनी दीड-दोन हजार रचनांवर आणल्या आणि त्या तपासण्याचे काम संगणकाकडे दिले. संगणक हजाराहून अधिक तास चालला. निकाल हाती आला, पण संपूर्ण सिद्धता स्वतः वाचून पटलेला माणूस जगात एकही नव्हता. मग हे ज्ञान कोणाचे? थॉमस टिमोक्झको या तत्त्वज्ञाने १९७९ मध्ये हीच शंका उपस्थित केली, आणि ती आजही जुनी झालेली नाही.

भारतीय न्यायदर्शनाने या प्रश्नाची मांडणी फार पूर्वी करून ठेवली आहे. न्यायमताप्रमाणे ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे; ज्ञात्यावाचून ज्ञान संभवत नाही. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही त्याची चार प्रमाणे. दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेले ज्ञानही खरे ज्ञान असू शकते, मात्र सांगणारा आप्त हवा. वात्स्यायनांच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा उपदेशक. या कसोटीची धार आज विशेष जाणवते. प्रश्नांना उत्तरे देणारी आजची भाषिक प्रारूपे अफाट मजकुरावरून पुढे कोणता शब्द येईल याचा अंदाज बांधायला शिकतात. त्यांचे वाक्य सफाईदार असते आणि पुष्कळदा बरोबरही असते; पण सफाई हा खरेपणाचा पुरावा नव्हे. त्यांना आप्त म्हणता येत नाही.

म्हणून यंत्र टाकून द्यावे असे ठरत नाही. केम्प यांची चूक माणसाची होती आणि जाणत्या माणसांच्याच नजरेतून ती अकरा वर्षे सुटली. उलट २००५ मध्ये जॉर्ज गॉन्तिए यांनी चार रंगांची सिद्धता कॉक या संगणकप्रणालीत पायरीपायरीने तपासून घेतली, तेव्हा तिच्यावरचा विश्वास वाढला. कारण प्रत्येक पायरी उघड होती आणि शंका असणाऱ्याला ती पुन्हा तपासता येत होती. विवेकाचे काम इथेच सुरू होते: काय गृहीत धरले, कशावरून काय काढले आणि चूक असलीच तर ती कुठे सापडेल, हे विचारणे. हे काम करणाऱ्यालाच ज्ञाता म्हणावे. बाकीच्यांकडे असते ती माहिती.

प्रकल्पाच्या वहीत यंत्राचे उत्तर उतरवणाऱ्या विद्यार्थ्याने त्याखाली ते कसे पडताळले हेही लिहावे, आणि शिक्षकांनी गुण त्या पडताळणीला द्यावेत.