दावं बाईच्या हातात, भरपाई कुणाच्या खात्यात?

(महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. म्हणून गोठ्यातलंच बोलते.

२०२२च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात गुरांना लम्पी झाल्याचं कळलं आणि बघता बघता तो राज्यभर पसरला. सरकारनं २००९च्या कायद्याखाली सारं राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर केलं. गुरांचे बाजार बंद, ने-आण बंद. रोग थांबवायचा तर ते करायलाच हवं होतं. पण अडीनडीला कालवड विकून पैसा उभा करायची वाटही त्यात बंद झाली. तो तोटा कुणी मोजला नाही.

त्याच साथीत आमची गाय गेली. अंगावरच्या गाठी पहिल्यांदा मला दिसल्या, कारण धार मीच काढते. जखमा धुतल्या, माश्या बसू नयेत म्हणून कडुनिंबाच्या पाल्याचा धूर केला, रात्री उशाशी बसले. ती गेल्यावर पंचनाम्याला साहेब आले. त्यांनी विचारलं, “मालक कुठायत?” मी समोरच उभी होते.

गायीच्या कानातल्या बारा आकडी बिल्ल्याची नोंद नवऱ्याच्या नावावर. म्हणून अर्ज त्यांचा, खातंही त्यांचं. दुभत्या गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार असा दर होता. आमचे पैसे जुन्या कर्जात गेले. तशी गाय पुन्हा घ्यायला दुपटीहून जास्त लागत होते. शेजारणीची गाय वाचली, पण आटली. तिला काहीच नाही, कारण भरपाई मेलेल्या जनावराची. आटलेल्या दुधाची नाही.

मी नवऱ्याला दोष देत नाही. दोष नोंदीचा आहे.

कायदा म्हणतो, रोगाचा संशय आला की मालकानं लगेच कळवावं. पण संशय आधी येतो तो शेण काढणाऱ्या, धार काढणाऱ्या बाईला. कळवलं की दूध बंद होणार, बाजार बंद होणार आणि हाती काही लागणार नाही, हे तिला ठाऊक असलं तर ती गप्प बसेल. मग साथ कशी आवरणार? पुरेशी आणि वेळेवर मिळणारी भरपाई हा रोग आवरण्याचाच भाग आहे. तिला कुणी उपकार म्हणू नये.

शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला सांगितलं. आता ते बिल्ल्याच्या नोंदीतही लागलं पाहिजे. भरपाई दोघांच्या खात्यात आली पाहिजे. आटलेल्या दुधाचा हिशेब धरला पाहिजे. पंचनाम्यावर जनावर सांभाळणारीची सही हवी.

एवढं मागायचं तर सुरुवात घरापासून करू. आज गेल्यावर विचारा, आपल्या गायीच्या बिल्ल्याची नोंद कुणाच्या नावावर आहे? उत्तर गावच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगा. तिथून पुढचं आपण मिळून बघू.