दुखत नाही, म्हणूनच दाखवावे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, सुग्रास भोजन झाले. अशा आनंदाच्या दिवशी कर्करोगाचे नाव काढणे म्हणजे मंगलकार्यात अभद्र उच्चारणे होय, असे कोणास वाटल्यास मी त्यांना दोष देणार नाही. तथापि कार्यकारी मंडळाने हा विषय आग्रहपूर्वक माझ्याकडे सोपविला, आणि वैद्यकीचा व्यवसाय करणाऱ्याने असा आग्रह मोडणे बरे नव्हे.

या व्यवसायात एक वाक्य मी वारंवार ऐकत आलो आहे : 'गाठ आहे खरी, पण दुखत नाही; म्हणून दाखविली नाही.' वेदना हीच रोगाची खूण, अशी आपली पिढीजात समजूत आहे. दाढ ठणकली की आपण धावतो. न दुखणाऱ्या गाठीस मात्र सहा सहा महिने सांभाळतो. कर्करोग प्रारंभी बहुधा दुखतच नाही. हे ज्ञान केवळ पाश्चात्त्यांचे आहे असेही नाही. सुश्रुताने अर्बुदाचे वर्णन करताना ते स्थिर असते, सावकाश वाढते, पिकत नाही आणि त्यास वेदना अल्प असते, असे सांगून ठेवले आहे. दुखू लागते तोपर्यंत रोगाने पुष्कळदा खोलवर मूळ धरलेले असते.

आपल्या प्रांतात तोंडाचा कर्करोग फार, आणि त्याचे मुख्य कारण आपल्या खिशात व फडताळात असते. तंबाखूचा बार, गुटखा, स्त्रियांची मशेरी, ही नावे सर्वांस ठाऊक आहेत. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली. सवयीवर अद्याप आलेली नाही. नुसती सुपारीही निर्दोष नाही, हे मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. (आताच पंगतीत सुपारीचे तबक फिरले, यजमानांनी क्षमा करावी.) तोंड आले की 'उष्णता वाढली' म्हणून आपण गुलकंद खातो, तूप लावतो. साधे तोंड येणे आठ-पंधरा दिवसांत बरे होते. जो व्रण तीन आठवडे झाले तरी भरत नाही, गालाच्या आत जो पांढरा अथवा लाल चट्टा पुसूनही जात नाही, तो दाखविलाच पाहिजे. आरशासमोर उभे राहून आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हेही पाहावे. सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, आणि जेवताना तिखट सोसेनासे होते. ही अवस्था कर्करोगाची नव्हे, पण त्याच्या वाटेवरची आहे. आवाज तीन आठवडे बसलेला राहणे, घास अडकणे, मानेत न दुखणारी गाठ येणे, यांचीही गणना याच वर्गात करावी.

भगिनींशी थोडे स्पष्ट बोलतो. स्तनातील गाठ, त्वचेवर पडलेली खळी, बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच आठवड्यात दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती नाही, हे शेजारणीने ठरवावयाचे नसते. पाळी कायमची थांबून वर्ष लोटल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर 'पाळी परत आली' असे समजणाऱ्या कित्येक माउल्या मी पाहिल्या आहेत. पाळी अशी परत येत नसते. समागमानंतर होणारा रक्तस्रावही लज्जेपोटी झाकू नये. शौचावाटे रक्त गेले की पुरुषमंडळी मूळव्याधीचे निदान स्वतःच करून मोकळी होतात. तेही एकवार तपासून घ्यावे, विशेषतः चाळिशीनंतर आणि शौचाची सवय बदलली असल्यास.

वेळीच पाहण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. परळचे टाटा स्मारक रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथील डॉक्टरांनी 1998 पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर एक दीर्घ प्रयोग केला. दहावीपर्यंत शिकलेल्या सेविकांना शिकवून त्यांच्या हातून निम्म्या वस्त्यांत ठराविक काळाने तपासणी करविली. गर्भाशयमुखाला सौम्य व्हिनेगर लावून पाहावयाचे आणि स्तन हाताने तपासावयाचे, इतकेच. तरीही या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतर वस्त्यांच्या मानाने 31 टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यूही सुमारे तीस टक्क्यांनी घटले. यंत्रे नव्हेत, पाहणारे डोळे आणि दाखविण्याची तयारी, एवढ्यावर हे झाले.

आता ज्यासाठी हे व्यासपीठच योग्य, ती गोष्ट. आपल्या मंडळाच्या याच स्मरणिकेत उपवर मुलामुलींची यादी छापली जाते. आईच्या गाठीची वाच्यता झाली तर मुलीचे स्थळ मोडेल, या भीतीने घरे गप्प बसतात. 'एवढे लग्न उरकू द्या, मग पाहू' असे आईच सांगते, आणि लग्नाची तिथी येईपर्यंत गाठ लिंबाएवढी होते. कर्करोग संसर्गजन्य नाही. एकाच ताटात जेवल्याने तो होत नाही. शंभरांतील पाच ते दहा रुग्णांतच तो आनुवंशिक दोषातून येतो, आणि अशा घराण्यांनी तर लपविण्याऐवजी लवकर तपासणी सुरू करावयास हवी. जी मंडळी विवाह जुळविण्यात पुढाकार घेतात, त्यांनी आजाराची चौकशी हेटाळणीच्या सुरात करणे सोडले, तर माझ्यासारख्या दहा डॉक्टरांचे काम होईल.

तशीच भीती सुईची. 'तुकडा काढला की रोग पसरतो' हा प्रवाद खोटा आहे. रोग पसरलेला आढळतो तो बहुधा उशीर झाल्यामुळे. दोष मात्र सुईच्या माथी येतो. तुकडा तपासल्यावाचून निदान पक्के होत नाही, आणि निदानावाचून दिलेले औषध, मग ते कोणत्याही पॅथीचे असो, अंधारातील बाण होय. खर्चाची चिंता रास्त आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयात नाव नोंदवितानाच तिची चौकशी करावी, बिल हाती आल्यावर नव्हे.

सभागृहामागील खोलीत दुपारी चारपर्यंत मी तोंडाची तपासणी करीन. शेजारच्या खोलीत आपल्याच ज्ञातीतील एक महिला डॉक्टर भगिनींसाठी बसणार आहेत. तेथे कोणाचेही नाव लिहून घेतले जाणार नाही.